कळतं, पण बोलणार नाही

जर्मनच्या वर्गात पहिल्या दिवशी मॅडमनी आमची नावं विचारली नाहीत. आधी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? बेळगावच्या शहापुरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला एक जुना दवाखान्यातला लोखंडी पलंग. आम्ही सगळे नर्सिंग झालेले, जर्मनीतल्या दवाखान्यांत नोकरीला जायची स्वप्नं बघणारे. पलंग सरावासाठी होता.

एकेक जण सांगत गेला. कन्नड. कन्नड. घरी उर्दू, पण कन्नड येतंय. गुंजीहून रेल्वेनं येणारा एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता, तो म्हणाला, मराठी, पण कन्नडात सांगितलंत तरी चालतंय मॅडम. माझी पाळी आली तशी मी उभी राहिले. बाकी कुणी उभं राहिलं नव्हतं.

"मराठी. कन्नड मला कळतं, पण मी बोलणार नाही."

मॅडम हुबळीकडच्या, मराठी त्यांना येत होतं पण अडखळत. त्यांनी चष्मा वर केला.

"बोलू नको की," त्या म्हणाल्या. "मी कन्नडात सांगते, तू मराठीत विचार. पण जर्मन तरी बोलणार का न्हाई?"

सगळे हसले. मी हसले नाही. आपण एक बाजू घेतली आणि ती नीट मांडली, एवढंच मनात होतं. त्या दिवशी घरी सायकल मारत येताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे आठवलं की आता कान तापतात.

तसं पाहिलं तर ही पद्धत बेळगावात नवी नाही. भाजीवाली कन्नडात भाव सांगते, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं, दोघांचं भागतं. आमच्या वर्गातही भागलं. मॅडम कन्नडात समजावायच्या, मी मराठीत शंका विचारायची, त्या कन्नडात उत्तर द्यायच्या. मला वाटायचं, न्याय म्हणतात तो हाच.

माझं घर वडगावात. खाली माग, वर आम्ही. आप्पा, म्हणजे माझे वडील, साड्या विणतात, विकतात आणि मराठीच्या हक्कांची पत्रकं लिहितात. इतर मुलं पाटीवर अक्षरं शिकली, मी 'जाहीर निषेध' या शब्दांतला ष गिरवून शिकले. छपाई चुकलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर माझा चौथीपर्यंतचा अभ्यास झाला. फेरीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पत्रकांच्या घड्या घालायला गल्लीतल्या बायका यायच्या, आणि घडी सरळ आली नाही तर मी त्यांना रागवायची. माझं वय तेव्हा रागावण्याचं नव्हतं, पण त्या ऐकून घ्यायच्या.

त्या पत्रकांतलं मला आजही पटतं. माझ्या आजीच्या भाषेत मला जमिनीचा कागद मिळावा, गावातल्या मुलांना मराठी शाळा मिळावी, बसवर कुठं जाणार ते मराठीतही लिहावं, ही मागणी मी करत होते, करते आणि करीन. यातल्या एका अक्षराची मला लाज वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

आप्पांचं कन्नड चांगलं आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गोकाककडचं, सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक आलं की ते जे सुरू व्हायचे ते साडीची घडी मोडून परत घालेपर्यंत थांबायचे नाहीत. कॉलेजात असताना मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं.

"आप्पा, तुम्ही पत्रकात एक लिहिता आणि दुकानात दुसरंच बोलता."

"साडी इकायची हाय का पत्रक?" ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आपलं भांडण सरकारशी हाय गं. गिऱ्हाइकानं काय केलंय?"

मला ते उत्तर मिळमिळीत वाटलं. मी ठरवलं की आपण असं करायचं नाही. बसमध्ये कंडक्टरनं कन्नडात विचारलं तर मी मराठीत उत्तर द्यायची. बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात, सगळीकडे. कुणी म्हणालं की कन्नड येत नाही का, तर माझं वाक्य तयार असायचं. कळतं, पण बोलणार नाही.

आता जर्मनबद्दल.

शिकणारा माणूस किती लाजिरवाणा असतो हे मी विसरले होते. दवाखान्यात पेशंट मला सिस्टर म्हणायचे, डॉक्टर माझं ऐकायचे, आणि संध्याकाळी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मला "हे पेन आहे" एवढं बरोबर सांगता येत नव्हतं. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं, तिच्या आधी देर, दी किंवा दास लावायचं. इंग्रजीतून आलेल्या पुस्तकात हे संकट असल्यासारखं लिहिलं होतं. मी वर्गात म्हणाले, आम्हाला याचं काय? मराठीत तीन लिंगं आहेतच. तो, ती, ते. कन्नडात माणसं सोडली तर बाकी सगळं एकाच पोत्यात. त्यामुळं मराठी माणसाला जर्मन सोपं जाणार.

हे मी मोठ्यानं म्हणाले. कन्नड बोलणाऱ्या वर्गासमोर.

आणि मग मराठीच्या भरवशावर पुढं गेले. घर ते, जर्मनमध्येही दास. जुळलं. भिंत ती, तिथंही दी. जुळलं. दार ते, म्हणून मी दास लिहिलं, आणि दार तिथं बाई निघालं. सूर्य आमचा तो, त्यांची ती. खुर्ची आमची ती, त्यांचा तो. माझी वही लाल झाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईची वही स्वच्छ होती. तिच्या भाषेत खुर्चीला लिंगच नव्हतं, म्हणून तिला कशाचा भरवसा नव्हता, म्हणून ती प्रत्येक शब्द त्याच्या देर-दी-दाससकट पाठ करायची. भाजी चिरताना, बसमध्ये, ड्रेसिंग करताना. मी तिच्या वहीकडं बघायची आणि माझी वही मिटायची.

ती बैलहोंगलच्या पलीकडची. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायची. आक्का हा शब्द कन्नडाचा की मराठीचा यावर आमच्यात भांडण होण्याचं कारणच नव्हतं, दोन्हीकडे तोच आहे. ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिला मराठी फार थोडं कळायचं. आमचं दोघींचं इंग्रजी वॉर्डातलं: बीपी, सलाईन, शिफ्ट, लीव्ह. आणि मॅडमचा नियम असा की जोडीनं सराव करताना जर्मन सोडून दुसरी भाषा चालणार नाही. त्यामुळं मी आणि आक्का एकमेकींशी बोलायचो ते मोडक्या जर्मनमध्ये. चहा प्यायला खाली गेलो तरी. चहावाला आमच्याकडं बघत राहायचा.

जोडी आमची मॅडमनीच लावली होती. त्यामागं कारण होतं. आक्का जर्मनची परीक्षा एकदा नापास झाली होती. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं तिला निवडून ठेवलं होतं, पण पुढच्या परीक्षेपर्यंतच ते थांबणार होते. या खेपेला झालं नाही तर तिचं नाव जाणार, आणि घरच्यांनी थांबवून धरलेली सोयरीक पुढं सरकणार. पहिल्याच महिन्यात तिनं मला ते जर्मनमध्येच सांगितलं होतं. "परीक्षा नाही, मग लग्न." त्यात क्रियापद नव्हतं, पण मला समजलं.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिचं पाठांतर चांगलं हाय. तुझं डोकं चांगलं हाय. दोघी मिळून एक पूर्ण माणूस होतंय. बघ जरा."

लिहिण्यात माझी अडचण वेगळीच होती. मैत्रिणीला वाढदिवसाचं निमंत्रण लिहा, असा प्रश्न होता. मी लिहिलं ते मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं, आणि मग कन्नडात भाषांतर केलं. सर्व मैत्रिणींनी संध्याकाळी पाच वाजता मोठ्या संख्येनं जमावं. कुणीही घरी राहू नये. मॅडम म्हणाल्या, "वाढदिवस हाय का मोर्चा?" गुंजीचा ब्रदर म्हणाला, "केक कापायच्या आधी निषेध करायचा असंल मॅडम." आक्कानं ते सगळं समजल्यावर तोंडावर पदर धरला, आणि तिचे खांदे कितीतरी वेळ हलत होते.

क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, त्या भागाला पुस्तकानं आठ पानं दिली होती. तिथं मात्र सगळा वर्ग तरला. उदाहरण होतं, "कारण मी आजारी आहे." मराठीत आहे शेवटी, कन्नडातही शेवटीच. मॅडम म्हणाल्या, इंग्लिश विसरा, आईशी बोलता तसं बोला. त्या दिवशी आम्ही सगळे जर्मन असल्यासारखे खाली उतरलो.

आक्का अडली ती पलंगापाशी.

परीक्षेत नर्सचं काम सांगावं लागतं. पेशंट पलंगावर बसला आहे. मी पेशंटला पलंगावर बसवते. मराठीत दोन्हीकडं "पलंगावर". जर्मनमध्ये पलंगाच्या आधीचा शब्द बदलतो. बसला असेल तर आउफ देम बेट, बसवायचं असेल तर आउफ दास बेट. पुस्तकातला इंग्रजी नियम म्हणतो, हालचाल असेल तर एक, नसेल तर दुसरं. आक्कानं तो नियम पाठ केला आणि त्यानंच तिला बुडवलं. बागेत फिरते, यात हालचाल आहे ना? तरी तिथं हालचाल नसल्यासारखा शब्द येतो. ती रडकुंडीला यायची. "चालते म्हणजे हलत नाही का?" ती मला जर्मनमध्ये विचारायची, आणि त्या प्रश्नातलं क्रियापद चुकीच्या जागी असायचं.

मला तो गुंता सुटला दवाखान्यात. एक म्हातारे आजोबा ऑपरेशननंतर झोपून होते. त्यांची सून म्हणाली, "सिस्टर, मामांना जरा बसवा की." मी त्यांच्या पाठीत हात घातला आणि उचलताना माझ्या डोक्यात ते लख्ख झालं. बसणं आणि बसवणं. आजोबा बसतात ते त्यांचं त्यांचं काम. मी त्यांना बसवते ते माझं काम. जर्मनमध्येही दोन वेगळी क्रियापदं आहेत, झित्सन आणि झेत्सन. निजणं, निजवणं. उभं राहणं, उभं करणं. "वणं" वालं क्रियापद आलं की पलंगाआधी दास, साधं आलं की देम. पुस्तकात हालचाल शोधायची गरजच नाही, आपल्याच क्रियापदाचं शेपूट बघायचं. बागेत फिरणं तेवढं यात बसत नव्हतं, ते पाठच करायला लागणार होतं. पण परीक्षेत बागेपेक्षा पलंग जास्त येतात.

आजोबा म्हणाले, "का हसतीस गं?"

मी म्हणाले, "काही नाही आजोबा, बसा."

त्या संध्याकाळी मी वर्गात पळतच गेले. मॅडम घरच्या लग्नाला हुबळीला गेल्या होत्या. आम्हाला आपापसात सराव करायला सांगितलं होतं. परीक्षा जवळ आली होती. आक्का पलंगापाशी पुस्तक उघडून बसली होती आणि तिचे डोळे लाल होते.

"आक्का, मला कळलं," मी जर्मनमध्ये म्हणाले.

"हेळ, तंगी," ती म्हणाली. सांग.

मी मराठीत सांगितलं. बसणं, बसवणं. ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. इंग्रजीत सांगितलं, सिट आणि मेक सिट, पण इंग्रजीत मेक म्हटलं की ते वेगळंच काहीतरी होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर पुस्तकातल्या नियमाचीच भीती आली. जर्मनमध्ये सांगण्याइतकं जर्मन माझ्याकडं नव्हतं. जर्मनची अडचण जर्मनमध्ये कशी सांगणार?

गुंजीचा ब्रदर खिडकीपाशी बसून वडापाव खात होता. तो म्हणाला, "सांग की गं कन्नडात. तुला येतं म्हणालतीस न्हवं?"

"कळतं म्हणाले होते."

"मग कळतं ते बोल. एवढं काय त्यात? तिची परीक्षा हाय."

सगळी खोली माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, तत्त्वं माणसांसाठी असतात. एका बहिणीसाठी आज बाजूला ठेवू. खरं सांगायचं तर त्यागाची एक छान लहर माझ्या अंगातून गेली. आपण कन्नड बोलणार, आणि का बोलतोय हे सगळ्यांना दिसणार. मी पलंगाकडं हात केला, आक्काकडं बघितलं, आणि तोंड उघडलं.

"बा इल्ली," मी म्हणाले. ये इकडं. "कुंदर." बस.

मग मागच्या रांगेतून हसणं फुटलं आणि सगळ्या खोलीत पसरलं. आक्काही हसली, पण मला दुखवायला नाही. ती म्हणाली, "नम्म मनी एम्मीगी हिंग करीतीवि." ब्रदरनं घास गिळून मला मराठीत सांगितलं, जरी मला कळलं होतं. "म्हणती, आमच्या घरच्या म्हशीला आम्ही असं बोलावतो."

ठीक आहे, मी मनात म्हणाले, पुढं चला. आता समजावायचं. "हे बघ आक्का, असं समज की." आणि तिथं मी थांबले. असं समज की, याला काय म्हणतात? "स्वतः", "दुसऱ्याकडून", "त्याऐवजी", "म्हणजे"? मी माझ्या डोक्यात शोधलं. तिथं होतं: केवढ्याला. नको. जा. सुट्टे नाहीत. कुठं थांबते. मुकाट्यानं बस. आणि भिंतींवर, फेऱ्यांत, भांडणात ऐकलेल्या घोषणा, दोन्ही बाजूंच्या. एवढंच. विकत घ्यायला, हाकलायला आणि भांडायला पुरेल इतकं. एखाद्या माणसाला शेजारी बसवून एक गोष्ट नीट समजावून सांगायला लागतं ते माझ्याकडं काहीच नव्हतं. कृपा करून नव्हतं, माफ करा नव्हतं, तुम्हाला कसं वाटतंय नव्हतं. हे तिन्ही मला जर्मनमध्ये येत होते.

मी उभी होते आणि माझं तोंड उघडं होतं. ज्या गावात जन्मले तिथली निम्मी माणसं जी भाषा बोलतात तिच्यात मला एक पूर्ण वाक्य करता येत नव्हतं, आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते की मी ती बोलत नाही. जणू ती माझ्या खिशात होती आणि मी काढत नव्हते.

"बोलायचं न्हाई म्हणून न्हाई बोलत का येत न्हाई म्हणून?" मागून एकीनं कन्नडात विचारलं. मला तेही कळलं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

घरी माग बंद होते. आप्पा हिशोब बाजूला ठेवून एका पत्रकाचा मजकूर बघत होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"आप्पा, 'असं समज की' याला कन्नडात काय म्हणतात?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणी भांडलं का?"

"नाही. एकीला जर्मन समजावायचंय."

"जर्मन? कन्नडात?" ते उठले आणि त्यांनी आधी जिन्याकडचं दार लोटलं. पत्रकवाल्याच्या घरात पोरगी बापाकडून कन्नड शिकतेय, हे खाली कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला हसू आलं, आणि हसताना रडूही आलं, ते त्यांनी बघितलं नाही.

"असं समज की," ते म्हणाले. "असं... थांब. ते..." त्यांनी दोनदा हात हवेत फिरवला, साडीचा पदर गिऱ्हाइकापुढं उलगडतात तसा. "हे लई भारी सूत हाय, ह्यो रंग जात न्हाय, ताईंनी न्हेलेली तीच ही, असं सगळं सांगतो की मी. पण असं समज की... ते बाजारात लागत न्हाय गं."

"बरं, 'स्वतः'?"

त्यांनी चष्मा काढला.

"मला वाटत हुतं मला येतंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. समोरच्या मजकुरात एक ओळ होती, ती आमच्या प्रत्येक पत्रकात असते. आमचा कोणत्याही भाषेला विरोध नाही. आम्ही कन्नड जाणतो. आप्पांनी तो कागद उलटा करून ठेवला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळत बसलो. आई जेवायला हाक मारत होती, आणि आम्ही दोघंही, घरातली सगळ्यात बोलकी माणसं, तिला ओ देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात जायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेले, कारण आक्काचे लाल डोळे आठवत होते. माझी लाज माझ्यापाशी होती, पण परीक्षा तिची होती.

ती पलंगापाशीच होती. मी जवळ गेले आणि तिला विचारलं ते एकमेव वाक्य, जे मी रस्त्यात ब्रदरकडून पाठ करून घेतलं होतं.

"इदक्क एन अंतार्री?" याला काय म्हणतात?

आणि मी पलंगावर बसले.

खोलीतली एक मुलगी हसली, पण आक्कानं तिच्याकडं बघितलं तशी ती गप्प झाली. आक्का म्हणाली, "कुंद्रूदु."

मग मी उठले, तिचे दोन्ही खांदे धरले, आणि आजोबांना बसवलं होतं तसं तिला पलंगावर बसवलं. पुन्हा विचारलं.

"कुंद्रसूदु," ती म्हणाली.

मी तिला झोपवलं. ती छताकडं बघत म्हणाली, "मलगूदु," आणि लगेच, मी काही विचारायच्या आधी, "मलगसूदु." मग ती एकदम उठून बसली. तिनं मला धरून उभं केलं. "निंद्रूदु. निंद्रसूदु." तिचा आवाज चढत गेला. "झित्सन, झेत्सन! लीगन, लेगन! श्टेहन, श्टेलन!" आणि मग ती न थांबता तोंडातून पलंग, टेबल, ग्लास, चादर, सगळं काढत गेली, प्रत्येकाच्या आधी बरोबर शब्द. मी एकही शब्द समजावला नव्हता. मला समजावताच आला नसता. तिला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि मी फक्त विचारायला हवं होतं.

तिनं मला मिठी मारली. माझे हात सरळ खाली लटकत होते.

त्यानंतर परीक्षेपर्यंत आमचा असा व्यवहार चालला की ती मला रोज थोडं कन्नड शिकवायची आणि मी तिला वाक्यं तपासून द्यायची. मी वाईट विद्यार्थिनी होते. माझ्या तोंडातून हुकूम निघायचे. तिनं मला शब्दाच्या शेवटी री लावायला शिकवलं, हेळ ऐवजी हेळ्री, बा ऐवजी बर्री, आणि मी ते मोठ्या माणसांशी बोलताना विसरायची. मॅडम परत आल्यावर त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण मला एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी ठरलं होतं तसंच त्या मला अजून मराठीतच विचारायला लावत होत्या. "तू मराठीतच विचार," त्या म्हणायच्या. "त्यात काय चुकीचं न्हाई." ते ऐकायला रागावण्यापेक्षा जड जायचं.

परीक्षा बेंगळुरूला झाली. आम्हा दोघींच्या जोड्या वेगळ्या पडल्या. तोंडी परीक्षेत मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलत होते, त्यामुळं दोन वाक्यांच्या मध्ये फार शांतता होती. आक्का बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामानं चमकत होता, आणि ती म्हणाली, "पलंग आला!" निकाल फोनवर आला. आम्ही दोघी पास. बोलण्यात तिचे गुण माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होते.

तिचं जाणं आधी ठरलं, माझं दोन महिन्यांनी. ती निघायच्या आधीच्या आठवड्यात तिची आई तिला घेऊन खरेदीला बेळगावला आली. मॅडमना भेटायला म्हणून वर्गात आली. काळीसावळी, उंच बाई, हातात पितळी डबा. तिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. डब्यात जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी होती. तिनं एक भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि कन्नडात विचारलं, आणि मला प्रत्येक शब्द कळला.

"तूच ती ना? तू पण तिथंच जाणार म्हणे. माझ्या पोरीला सांभाळशील ना? तिथं आमचं कुणी न्हाई."

उत्तर माझ्या मनात पूर्ण होतं. तुमच्या पोरीनंच मला सांभाळलंय, तिथंही तीच सांभाळणार. मराठीत तयार होतं, जर्मनमध्ये तयार होतं. कन्नडात मी पहिल्या शब्दावर अडकले, आणि माझ्याही नकळत आक्काकडं वळून ते जर्मनमध्ये म्हणाले. रोजच्या सवयीनं. आक्कानं ऐकलं, आणि आईला कन्नडात सांगितलं.

आईनं आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही कुठली?" तिनं लेकीला विचारलं.

"बेळगावची. वडगावची."

"वडगाव म्हणजे हे बसस्टँडच्या पलीकडचं?"

"हां."

"मग हिचं बोलणं जर्मनीला जाऊन माझ्याकडं का येतंय?"

मॅडम हसल्या, ब्रदर हसला, आक्कानं पदर तोंडाला लावला. मीही हसले, हातातली भाकरी मोडेल इतकी घट्ट धरून. पण ती बाई थट्टा करत नव्हती. तिला खरोखर समजलं नव्हतं. तिनं माझी हनुवटी धरून माझा चेहरा तिच्याकडं वळवला आणि पोरीला सांभाळशील ना, हा पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, आता एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं, मधे थांबत. मॅडम पहिल्या महिन्यात आम्हाला जर्मन वाक्यं म्हणून दाखवायच्या तसा.

"हूं री," मी म्हणाले. हो. एवढंच आलं.

माझ्या घरापासून बसनं दीड-दोन तासांवर राहणारी एक आई माझ्याशी, माझ्याच गावात, परदेशातून आलेल्या माणसाशी बोलावं तशी सावकाश बोलत होती, आणि मला त्याची गरज होती.